पाटी कुठे कुठे गेली

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक बुसिंगे सर सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी, सातशे मुलांसमोर, गळ्यात लाकडी पाटी घालून उभे राहिले आणि पुढचे चार दिवस ती घालूनच शाळेत हिंडले.

असं काही घडलेलं नाही. शाळेच्या नोंदवहीत त्या सोमवारपुढे 'प्रार्थना नेहमीप्रमाणे' असं लिहिलेलं आहे. खाली पंधरा जणांच्या सह्या आहेत आणि त्यातली एक माझी आहे. तेव्हा पुढे जे सांगतो आहे ते न घडलेल्या गोष्टीबद्दल आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचावं.

मी त्या शाळेत शिक्षक नव्हतो. शिक्षक होण्याच्या आधीची जी अवस्था असते, तीत होतो. ट्रेनिंग कॉलेजने मला आठ आठवड्यांच्या सरावासाठी टूरो मुलखातल्या फोर्ट पोर्टल शहराच्या बाहेर, चहाच्या मळ्यांना लागून असलेल्या या शाळेत धाडलं होतं. सीनियर थ्रीच्या, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या, वर्गाला इंग्रजी शिकवायचं आणि शेवटी सरावाच्या फाइलवर मुख्याध्यापकांची सही घ्यायची. सही झाली की मी शिक्षक. नाही झाली तर कॉलेजची तीन वर्षं पाण्यात, कारण सराव दोनदाच करता येतो आणि माझी पहिली वेळ वाया गेली होती. मागच्या वर्षी माझी सही झालेली फाइल एका बकरीने खाल्ली. कॉलेजने चौकशी समिती नेमली. समिती गावी आली, तिने बकरीला सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि 'सही आढळली नाही' असा अहवाल दिला.

त्यामुळे या वेळी बुसिंगे सरांना खूश ठेवायचं, एवढंच मी ठरवून आलो होतो. आणि त्यांना खूश ठेवायचा रस्ता पाटीवरून जात होता.

पाटी म्हणजे वीतभर लाकूड, वर भोक, भोकात दोरी. तिच्यावर काही लिहिलेलं नाही. शाळेच्या आवारात जो रुटूरो किंवा दुसरी कुठलीही घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात ती जाते. मग त्याने दिवसभर कान टवकारून फिरायचं, दुसरा कोणी बोलताना सापडला की त्याच्या गळ्यात घालायची आणि मोकळं व्हायचं. त्या दिवशी ज्या शिक्षकाची देखरेखीची पाळी असेल, तोही ती एका गळ्यातून काढून दुसऱ्या गळ्यात घालू शकतो. संध्याकाळपर्यंत कोणी सापडलं नाही तर पाटी घरी न्यायची. काढून ठेवायची नाही. ऑफिसच्या भिंतीवर निळ्या रंगात नियम रंगवलेला आहे: या आवारात जो कोणी घरच्या भाषेत बोलेल, त्याने दुसरा सापडेपर्यंत पाटी घालावी.

इतर ठिकाणी हे जमतही असेल. आमच्याकडे अडचण आहे ती एम्पाकोची. आमच्या टूरो मुलखात प्रत्येकाला नावाशिवाय एक एम्पाको असतो, मायेची हाक. डझनभर एम्पाको आम्ही सगळे वाटून वापरतो. माझा अराली. कोणी भेटलं की त्याला त्याच्या एम्पाकोने हाक मारायची, त्याने आपल्याला मारायची, आणि मग झोप, गुडघे, गायी, केळीची बाग अशी विचारपूस. एम्पाको न घेता कामाचं बोलायला लागणारा माणूस एकतर परका असतो किंवा जप्तीची नोटीस घेऊन आलेला असतो. आणि शाळेच्या हिशेबाने एम्पाको म्हणजे रुटूरो.

आता पद्धतीबद्दल. कॉलेजात आम्हाला टास्क पद्धत शिकवली होती. मुलांना भाषा शिकवायची नाही, काम द्यायचं. खरं काम, ज्याच्या शेवटी काहीतरी हाती लागतं. भाषा कामाच्या मागोमाग येते, असं म्हणतात. शाळेत इंग्रजीचे जुने शिक्षक होते मुगेन्यी सर. ते बावीस वर्षं त्याच पिवळ्या वहीतून फळ्यावर उतरवून देत होते. मी त्यांना पद्धत समजावली तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मुलं काम करणार असतील तर पगार कोणाला मिळणार.

पहिल्या टास्कमध्ये मुलांनी बाजाराचा नकाशा काढला. तो इतका बरोबर निघाला की मुगेन्यी सरांना त्यांची पॅन्ट घेऊन दोन वर्षांपूर्वी गायब झालेला शिंपी सापडला. त्यानंतर ते मला थोडे मानायला लागले.

सहावा आठवडा संपताना कॉलेजमधून निरोप आला. आमच्या प्राध्यापकांना फाइलमध्ये असं एक तरी टास्क हवं होतं ज्यात मुलं भाषेकडेच डोळे उघडून बघतील: कोण कोणाशी काय बोलतं, कोणाला बोलू दिलं जात नाही, ते कोणी ठरवलं. हे वाचत मी व्हरांड्यात उभा होतो. समोरून एक पोरगा पाटी घालून चालला होता. मी तीन ओळींत टास्क लिहून काढलं. पहिल्या गटाने आठवडाभर पाटीच्या मागे राहून ती कोणाकडून कोणाकडे जाते ते टिपायचं. दुसऱ्याने या सत्रात ज्यांनी ज्यांनी पाटी घातली त्यांना गाठून विचारायचं, की काय बोललात, कोणाला, कोणी पकडलं, पाटी कुठे कुठे गेली. तिसऱ्याने शिक्षकांना नियमाबद्दल विचारायचं आणि उत्तरावर त्यांची सही घ्यायची. सगळं इंग्रजीत.

खरं सांगायचं तर मुलं हे करणार नाहीत अशी माझी खात्री होती. टास्क देणं माझं काम. ते होणं हे आमच्या शाळेत कोणाचंच काम नव्हतं. मी फाइलमध्ये 'मुलांचा उत्साही प्रतिसाद' असं आधीच लिहून ठेवलं होतं.

शुक्रवारी वर्गात शिरलो तर चारही भिंती कागदांनी भरल्या होत्या. खिडकीवर कागद होते, आणि खिडकी बंद झाल्यामुळे दिवा लावला होता. मी दारातच थांबलो. मुलांनी काम केलं होतं. असं काही झालं तर शिक्षकाने काय करायचं, हे आम्हाला शिकवलेलं नव्हतं.

पहिल्या गटाने उभं राहून वाचायला सुरुवात केली. पाच दिवसांत पाटी एकेचाळीस वेळा गळा बदलून गेली. त्यात सतरा वेळा गुन्हा एवढाच, की एकाने दुसऱ्याला एम्पाकोने हाक मारली. नऊ वेळा काहीतरी लागलं, भाजलं किंवा बोटावर दार बसलं, आणि तोंडातून आई निघाली. चार वेळा समोर गाय होती, जिला इंग्रजी येत नव्हतं. एकदा साप होता. 'साप' म्हणणाऱ्या मुलाने सांगितलं, की त्याला इंग्रजी शब्द येत होता, पण तो आठवेपर्यंत सापाचं चावून झालं असतं. शिवीसाठी पाटी एकदाही गेली नव्हती. शिव्या मुलं इंग्रजीतच देतात.

वर्ग हसत होता, मीही हसत होतो. तिसऱ्या गटाने सांगितलं, की नियम सर्वांना लागू आहे का, या प्रश्नाला चौदापैकी अकरा शिक्षकांनी होय म्हटलं, दोघांनी स्टाफरूमचं दार लावून घेतलं आणि मुगेन्यी सरांनी प्रश्न कोणत्या धड्यातला आहे ते विचारलं. बुसिंगे सरांनी मात्र मुलांना खुर्च्या दिल्या आणि आपल्या सुंदर अक्षरात स्वतः लिहून दिलं: 'नियम सगळ्यांना सारखा. मी धरून. पाहुणा आला तरी, दुःखाचा प्रसंग असला तरी.' खाली सही. माझी फाइल त्याच टेबलावर सहा दिवस पडून होती, ती गोष्ट वेगळी.

मग दुसरा गट. त्यांनी एक तक्ता लावला होता: या सत्रात पाटी कोणी किती वेळा दुसऱ्याच्या गळ्यात घातली. प्रीफेक्ट तीन, भूगोलाचे सर चार. सगळ्यात वर एक नाव होतं, त्याच्यापुढे सात. नाव माझं होतं.

मी तक्ता दोनदा मोजला. मला वाटायचं, मी दोनतीनदा घातली असेल. पाळी असली की बुसिंगे सर ऑफिसच्या खिडकीत उभे असायचे आणि आपण जरा तत्पर दिसावं असं मला वाटायचं, इतकंच.

त्या गटात काटुसाबे होती. सोळा वर्षांची, पुढच्या बाकावरची, प्रश्न न विचारणारी. तिच्या हातात एकच कागद होता आणि तो तिचा स्वतःचा होता. तिने तो वाचला, बाजारातली यादी वाचावी तसा.

"दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. काय म्हटलं: 'आजोबा कधी गेले?' कोणाला: आईला, फाटकापाशी. कोणी पकडलं: बागोन्झा सर. पाटी कुठे कुठे गेली: वर्ग, घर, दफन, घर, वर्ग."

तो बुधवार मला आठवला. मी झेंड्याच्या खांबापाशी उभा होतो, फाटक लांब होतं. शब्द ऐकू आले नव्हते, नुसती बोलण्याची चाल ऐकू आली होती, आणि चाल आपली होती. मी तरातरा गेलो, वाटेत एका पोराच्या गळ्यातली पाटी काढली आणि तिच्या गळ्यात घातली. तिची आई माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आपली शिस्त बघून ती प्रभावित झाली. वळून पाहिलं तर बुसिंगे सरांनी खिडकीतून मान डोलावली होती. त्या दिवशी मी दुपारी दोन ताटं जेवलो होतो.

काटुसाबेच्या रिपोर्टात इंग्रजीची एकही चूक नव्हती. मी तसं म्हटलं. ती "थँक यू, सर" म्हणाली आणि बसली. घंटा झाली आणि मी वर्गातून निघालो तो थेट शाळेमागच्या चहाच्या मळ्यात जाऊन उभा राहिलो. पानं खुडणाऱ्या बायांनी मला हटकलं तेव्हा कळलं, की मी त्यांच्या टोपलीत उभा आहे.

या गडबडीत माझ्याकडून एक गोष्ट राहिली. टास्क संपलं की शिक्षकाने मोठ्याने 'टास्क संपलं' असं म्हणायचं असतं, नाहीतर मुलं ते करतच राहतात. कॉलेजात यावर स्वतंत्र तास होता. त्या तासाला मी बकरीच्या चौकशीला हजर होतो.

शुक्रवारी शाळा सुटताना काटुसाबेने पाटीवाल्या पोराला त्याच्या एम्पाकोने हाक मारून निरोप दिला. त्याने लगेच पाटी तिच्या गळ्यात घातली आणि उड्या मारत गेला. तिने मुद्दाम केलं की चुकून, याची नोंद नाही. तक्त्यात 'का' असा रकाना मी ठेवला नव्हता.

सोमवारी सत्राचा शेवटचा आठवडा सुरू झाला. दर सत्राच्या शेवटच्या सोमवारी बुसिंगे सरांची आत्या गावाहून केळ्यांचा घड घेऊन येते, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी सर तिला फाटकातूनच घाईने ऑफिसात नेतात आणि दार लावून घेतात. दाराआड काय बोलणं होतं ते दाराला ठाऊक. त्या दिवशी मात्र प्रार्थना लांबली होती. सर माइकवर सांगत होते, की इंग्रजी ही जगाच्या दाराची किल्ली आहे. किल्ली दारात फिरते न फिरते तोच आत्या फाटकातून आत आली, सातशे मुलांच्या मधून सरळ चालत गेली, घड माइकपाशी टेकवला आणि म्हणाली,

"अमूटी, झोप झाली का रे नीट?"

सर थांबले. त्यांनी भिंतीवरच्या निळ्या अक्षरांकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. ती त्यांच्या वडिलांची सगळ्यात मोठी बहीण. तिला 'गुड मॉर्निंग' म्हणणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्माला यायचा आहे. सर पुटपुटले, की झाली, अब्वूली. आत्याला कमी ऐकू येतं.

"मोठ्याने बोल की," ती म्हणाली. "पोट बिघडलंय का?"

तेव्हा सर मोठ्याने बोलले. माइक चालू होता. झोप झाली, गुडघे बरे आहेत, लाल गाय व्यायली, पावसाने केळी आडवी झाली पण फार नाही, हे सगळं कर्ण्यातून पार मळ्यापर्यंत गेलं. मळ्यातून एका बाईने ओरडून विचारलं, की वासरू नर की मादी. सरांनी तेही सांगितलं.

काटुसाबे रांगेतून बाहेर आली. धावली नाही. सरांपुढे जाऊन उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, माफ करा. तुम्ही सापडलात."

मागून मुगेन्यी सर दबक्या आवाजात म्हणाले, की आता आकाश पडेल, डोक्यावर काहीतरी घ्या. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. माझी फाइल, माझी सही, माझी तीन वर्षं हळूहळू मळ्याच्या दिशेने चालत निघाली आहेत असं मला दिसत होतं.

सर म्हणाले, की या पाहुण्या आहेत. काटुसाबे म्हणाली, "तुम्ही लिहून दिलंय सर, पाहुणा आला तरी. सही आहे."

बुसिंगे सरांबद्दल एक गोष्ट कबूल करावी लागेल. सही केलेल्या कागदाला जागणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि मान खाली केली. तिला हात पुरेना, म्हणून गुडघेही जरा वाकवले. पाटी त्यांच्या टायवर जाऊन टेकली.

आत्याला वाटलं, सत्कार आहे. तिने जीभ फिरवून असा काही लांबलचक हर्षाचा सूर काढला की छपरावरची कबुतरं उडाली. सातशे मुलं दगडासारखी उभी, आणि एक आत्या आनंदात.

स्टाफरूममध्ये आधी दार लावलं गेलं. मग सगळ्यांनी मिळून नोंदवहीत काय लिहायचं ते ठरवलं आणि सह्या केल्या. मुगेन्यी सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बावीस वर्षं मी अलंकार शिकवतोय, बागोन्झा. कोणाच्या गळ्याला साधा ओरखडा आला नाही." मी म्हटलं, की हो सर.

तुम्ही म्हणाल, मुख्याध्यापकच आहेत, पाटी रद्द करून टाकायची. भूगोलाच्या सरांनी तसं सुचवलंही. बुसिंगे सरांना फार वाईट वाटलं. स्वतःच्या गळ्यातली पाटी रद्द करणारा मुख्याध्यापक पुढे मुलांना कोणत्या तोंडाने शिस्त सांगणार, असं त्यांनी विचारलं. रद्द करायची तर आधी ती दुसऱ्याच्या गळ्यात जायला हवी. म्हणजे नियमाप्रमाणे कोणीतरी सापडायला हवा.

आणि कोणी सापडेना. शाळेत इतकं इंग्रजी कधी बोललं गेलं नव्हतं. पोरं पडली तरी इंग्रजीत पडत होती. स्वयंपाकघरातल्या अड्येरी मावशी, ज्यांना आयुष्यात इंग्रजीची गरज पडली नव्हती, त्या कोंबड्यांना 'एक्सक्यूज मी' म्हणून बाजूला सारत होत्या. सर गोठ्यामागे उभे राहून पाहायचे, पाण्याच्या टाकीमागे बसून पाहायचे. मंगळवारी त्यांनी लोकगीतांची स्पर्धा जाहीर केली, भाषेचं बंधन नाही म्हणून सांगितलं. मुलांनी चाळीस मिनिटं राष्ट्रगीत म्हटलं. इंग्रजीत, सगळी कडवी, पुन्हा पुन्हा. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते पोशो-बीन्सच्या, म्हणजे मक्याची उकड आणि घेवडा यांच्या, रांगेत मुलांच्या मागे ताट घेऊन उभे राहिले. सगळी रांग मुकी झाली. वाढणाऱ्या मावशींनी त्यांना बोटांनी विचारलं, एक पळी की दोन.

या चार दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पाटीवाला सोडून शाळेतला प्रत्येक माणूस जपून बोलत होता. पाटीवाल्याला कसली भीती? त्याच्या गळ्यात ती आहेच, आणखी काय होणार. बुसिंगे सर सगळ्यांना रुटूरोत हाका मारत होते, मोकळेपणी, अगदी गावच्या पारावर बसल्यासारखे. फक्त उलट हाक येत नव्हती. ते 'अत्वोकी' म्हणायचे आणि समोरून 'गुड आफ्टरनून, सर' यायचं.

शुक्रवार उजाडला. सत्र संपायचा दिवस, आणि माझ्या सरावाचाही. फाइल पुढच्या बुधवारपर्यंत कॉलेजात पोचायला हवी होती. मी तीनदा ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. साडेतीनला शाळा सुटली. मुलं, वसतिगृहातल्यांच्या गाद्या, पत्र्याच्या पेट्या, भाड्याच्या मोटरसायकलींवर, बोडा-बोडावर, तिघं तिघं बसून सगळं रस्त्याला लागलं. शिक्षकही गेले. काटुसाबे जाताना व्हरांड्यात थांबली आणि तिने मला इंग्रजीत विचारलं, की सर, टास्क संपलं का. मी म्हटलं, अजून बघतो. तिने मान हलवली आणि गेली.

मी आत गेलो. सर टेबलाशी बसले होते, पाटी टायवर सरळ बसवलेली. माझी फाइल त्यांच्यापुढे उघडी होती आणि पेनचं टोपण काढलेलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. खिडकीकडे वळले. मग माझ्याकडे न बघताच, रुटूरोत म्हणाले,

"अराली, कसा गेला दिवस?"

आठ आठवड्यांत त्यांनी मला 'मिस्टर बागोन्झा'शिवाय हाक मारली नव्हती. मला माझा एम्पाको त्यांना ठाऊक आहे हेही ठाऊक नव्हतं. मी दारात उभा. इंग्रजीत उत्तर दिलं तर पेन फाइलवर चालणार, बुधवारी मी शिक्षक. रुटूरोत दिलं तर पाटी. हा सापळा आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी तोंड उघडलं, इंग्रजी वाक्य तयार होतं, पहिला शब्द ओठावर होता.

"चार दिवस झाले," सर म्हणाले. "मला कोणी अमूटी म्हटलेलं नाही. घरी बायकोही इंग्रजी बोलतेय. मेहुण्याने सांगितलंय तिला, उगीच धोका नको."

सापळा असेलही. पण सापळा लावणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो, किंवा असतो आणि मला कळत नाही. मला तेव्हा फाटक दिसत होतं, आणि फाटकापाशी मी.

"बरा गेला, अमूटी," मी म्हटलं. "तुमचा?"

आता पाटी येणारच होती, तर विचारपूस अर्धवट कशाला ठेवायची. मी गुडघे विचारले, आत्या विचारली, लाल गाय आणि वासरू विचारलं, आडव्या झालेल्या केळी विचारल्या. सरांनी एकेकाचं उत्तर दिलं आणि माझी आई, माझा दमेकरी मामा आणि आमची ती बकरी, सगळ्यांची चौकशी केली. पाऊण तास गेला. असा निवांत पाऊण तास त्या ऑफिसने आधी पाहिला नसेल. मग ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि पाटी माझ्या गळ्यात घातली. अगदी हलक्या हाताने, कॉलरखाली दोरी नीट बसवून.

परत बसून त्यांनी पेन उचललं. फॉर्म वाचत खाली आले. चौदाव्या ओळीपाशी पेन थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं.

"इथे विचारलंय, सरावाच्या काळात शाळेचा एखादा नियम मोडला का आणि त्याचं निवारण झालं का," ते म्हणाले. ते पुन्हा इंग्रजीवर आले होते. "मी खोटं कसं लिहू, मिस्टर बागोन्झा? तुमच्या गळ्यात पाटी आहे. ती गेली की या, मी उभ्या उभ्या सही करतो."

मी विचारलं, की सुट्टीत ती कोणाला घालू. त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, की हा प्रश्न आधी कधी आला नव्हता, लेखी द्या. आणि छत्री घेऊन गावी गेले, आत्याकडे.

सर गावी गेलेले, म्हणून त्यांच्या वरच्यांना लेखी देतो आहे.

प्रति, मा. जिल्हा शिक्षण अधिकारी यांस. विषय: पाटीचे निवारण. महोदय, मी खाली सही करणारा प्रशिक्षणार्थी शिक्षक सध्या शाळेच्या बंद आवारात पाटीसह उपलब्ध आहे. शाळा तीन आठवड्यांनी उघडेल, फाइल बुधवारी द्यायची आहे. आवारात सध्या चार गायी असून नियमात त्यांचा उल्लेख नाही. तरी रुटूरो जाणणारा एक अधिकारी बुधवारच्या आत, कामकाजाच्या कोणत्याही दिवशी, सकाळी आठ ते सायंकाळी पाच या वेळेत येथे पाठवावा, त्यास मी 'झोप झाली का' असे विचारताच त्याने मला माझ्या एम्पाकोने उत्तर द्यावे, आणि त्यानंतर शाळा उघडेपर्यंत सदर पाटी कार्यालयीन कामकाजात, घरी व दुःखाच्या प्रसंगी गळ्यात बाळगावी, ही नम्र विनंती.